विनय कुणापुढे?

1938 साली ‘अ यँक ॲट ऑक्सफर्ड’ नावाचा एक चित्रपट आला होता. रॉबर्ट टेलर त्यात अमेरिकन खेळाडू झाला आहे. आपल्या गावात सतत जिंकत आलेला, बढाईखोर, ऑक्सफर्डच्या जुन्या रीतींना हसणारा. तिथली मुलं त्याची चांगली जिरवतात. मग तो हळूहळू निवळतो आणि त्यांच्यातलाच होऊन जातो. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते, कारण नव्या सुनेची गोष्टही आपण अशीच सांगतो. आधी फणकारा, मग चार टोमणे, मग “आता कशी घरातली झाली!”

नव्याने आलेल्याने नमायचं, हे दोन्हीकडे ठरलेलंच. पण नमायचं कशापुढे? विद्येपुढे, की आधीपासून आत बसलेल्यांपुढे?

उद्धट विद्यार्थ्याची एक गोष्ट आपल्या घरातलीच आहे. इंद्रभूती गौतम. वेदविद्येत पारंगत, पाचशे शिष्यांचा गुरू, आणि महावीरांना वादात हरवायला निघालेला. बस्तीपुढचा मानस्तंभ दाखवून मुलांना आपण सांगतो, की तो पाहताच गौतमाचा मान गळाला. तेवढं सांगून आपण थांबतो. त्याच्या आधीचा भाग राहूनच जातो. केवलज्ञान झाल्यावरही 66 दिवस भगवंतांची दिव्यध्वनी झाली नव्हती, कारण ती झेलणारा गणधर नव्हता. म्हणजे सगळं समवसरण ज्याच्यासाठी खोळंबलं होतं, तो हाच गर्विष्ठ विद्यार्थी! त्याचा मान गेला, बुद्धी गेली नाही. कुणी त्याला गप्प बसवलं नाही, उलट पुढे सगळा उपदेश त्याच्याच तोंडून लोकांपर्यंत आला.

तत्त्वार्थसूत्रात विनय हे अंतरंग तप मानलं आहे, आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत: ज्ञान, दर्शन, चारित्र आणि उपचार. उठून उभं राहणं, सामोरं जाणं, हात जोडणं हा उपचार विनय. तो यादीत शेवटी येतो. आपल्या मुलींना मात्र आपण तोच पहिला शिकवतो, आणि पुष्कळ घरांत तेवढाच.

हा फरक नीट कळायला कॉर्नेलिया सोराबजी बघावी. 1866 साली नाशिकला जन्मलेली, बालपणीचा काही काळ आपल्या बेळगावात गेलेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती पहिली आली. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिची होती, पण ती बाईमाणसाला देता येत नाही म्हणाले. तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवलं. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि 1889 मध्ये ती ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल हॉलमध्ये पोचली. साडी नेसून.

तिथल्या रीती तिने पाळल्या. शिक्षकांविषयीचा तिचा आदर खरा होता, आणि बेलियल कॉलेजचे प्रमुख जोवेट तिच्या पाठीशी उभे राहिले ते उगाच नव्हे. पण कायद्याच्या बीसीएल परीक्षेची वेळ आली तेव्हा ती अडून बसली. वेगळ्या खोलीत, बायकांची म्हणून दिलेली परीक्षा तिला नको होती. सगळे पुरुष बसतात तिथेच बसायचं होतं. 1892 मध्ये विद्यापीठाला त्यासाठी खास ठराव करावा लागला. ती बसली आणि उत्तीर्ण झाली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण बाईला पदवी द्यायची तिथे रीतच नव्हती. ती रीत 1920 मध्ये बदलली, आणि 1922 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, कॉर्नेलियाला आपली पदवी मिळाली.

हा उद्धटपणा म्हणायचा का? काहींनी म्हटलाही असेल. मला तो ज्ञानविनयच वाटतो. तीस वर्षं एखाद्या विद्येचा मान राखणं ही सोपी गोष्ट नाही. (पुढे हीच बाई ब्रिटिश राज्याची कट्टर पाठीराखी झाली आणि गांधीजींच्या विरोधात गेली. ते मला पटत नाही. दार उघडायला लावणाऱ्याला कधीकधी आतलं सगळंच आवडू लागतं.)

म्हणून जुन्या रीती सरसकट मोडाव्यात, असंही नाही. परीक्षेला काळा पोशाख आणि झगा घालून बसायची ऑक्सफर्डची पद्धत अजून आहे. 2015 मध्ये विद्यार्थ्यांचंच मत घेतलं, तर तीन चतुर्थांशाहून जास्त मुलांनी ती राहू द्या म्हटलं. जो झगा आज एखाद्या परदेशी मुलाला जाच वाटत असेल, तो अंगावर घालायचा हक्क बायकांना 1920 पर्यंत नव्हता. तीच रीत एकाला ओझं आणि दुसरीला मान. रीतीकडे पाहताना ती कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, एवढं तरी आपण विचारायला हवं.

आता आपल्याही मुली तिकडे शिकायला जातात. जायच्या आधी नमस्काराला येतात तेव्हा विचारतात, “मावशी, तिथे जेवणाआधी लॅटिन प्रार्थनेला उभं राहावं लागतं म्हणे, काय करू?” मी म्हणते, उभी राहा की, त्यात आपलं काय जातं? रात्री न जेवण्याचा नियम असेल तर आधीच जेवून घे आणि ताट नको म्हणून हसून सांग. आणि प्राध्यापकांचं म्हणणं पटलं नाही तर तिथेच, सगळ्यांसमोर विचार. फोनवर आम्हाला सांगून काय उपयोग?