मुले कोणाची?



‘फॅसिस्ट’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरला जातो. ज्याचे मत पटत नाही, तो फॅसिस्ट! शब्द असा स्वस्त झाला की खरा धोका समोर आला तरी ओळखू येत नाही. म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घेऊ या.

इटालियन भाषेत ‘फॅशो’ म्हणजे जुडी. एकटी काडी मोडते, जुडी मोडत नाही. एकीची ही शिकवण आपल्यालाही आवडते. मग चूक कुठे होते?

१९३१ सालचे दोन प्रसंग पाहू. आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेनंतर इटलीला गेले आणि १९ मार्च रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. ‘बालिल्ला’ या संघटनेत लहान मुलांना मिळणारे लष्करी शिक्षण त्यांना फार आवडले. तसे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवले. आपला समाज दुबळा राहू नये, ही त्यांची तळमळ होती. पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले.

त्याच वर्षी मुसोलिनीच्या सरकारने कॅथलिक युवकांच्या संघटना बंद केल्या. २९ जूनच्या परिपत्रकात पोप पायस अकरावे यांनी त्याचा निषेध केला. बालपणापासून माणूस सर्वस्वी पक्षाचा आणि शासनाचा, असे म्हणणे म्हणजे शासनाला देव करणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मात्र याच मुसोलिनीशी ख्रिस्तसभेने १९२९ साली करार केला होता, आणि या परिपत्रकातही पोपमहोदयांनी त्याच्या पक्षाला सरसकट दोषी ठरवले नाही. धोका पुरता ओळखायला आपल्या घरातही वेळ लागला.

इंग्लंडमध्ये ओझवाल्ड मोस्ली यांनी १९३२ साली असाच पक्ष काढला आणि ज्यू लोकांना शत्रू ठरवले. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी लंडनच्या केबल स्ट्रीटवर त्यांचा मोर्चा अडवायला ज्यू शेजाऱ्यांबरोबर आयरिश कॅथलिक गोदी कामगारही उभे राहिले. जुडी तीही होती, पण ती शेजाऱ्याला वाचवण्यासाठी बांधलेली होती.

आयुध निर्माणीच्या आपल्या वसाहतीत शिस्तीचे मोल कोणी सांगायला नको. कारखान्यातली शिस्त बाजूच्या कामगाराचा जीव जपते. त्याची जात, भाषा, धर्म विचारत नाही. फॅसिझमची शिस्त आधी शत्रू शोधते आणि सदसद्विवेकबुद्धी पुढाऱ्याच्या हाती द्यायला सांगते. कवायत दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक मनात काय भरले जाते, यात आहे.

आपली मुले एखाद्या मंडळात जातात तेव्हा आपण वेळ आणि फी विचारतो. तिथे ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे का? घरी येऊन ती शेजाऱ्याबद्दल काय बोलतात? हेही विचारू या. आणि हीच कसोटी आधी आपल्या युवक मंडळाला लावू या. दयाळू शोमरोनी माणसाने जखमी माणसाला उचलले, ते त्याचा गट विचारून नव्हे.

मुले आपली आहेत. पण त्याआधी ती परमेश्वराची आहेत.