बोर्ड डेड

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मामांचं दुकान होतं. टीव्हीची दुरुस्ती आटत गेली तसं मामांनी जुन्या व्हिडिओ गेमचं काम धरलं. भाचा डिप्लोमा करून हाताशी आला होता. सोल्डरिंग झकास, नजर तीक्ष्ण, फक्त निकाल द्यायची घाई फार.

एका दुपारी मामा जेवायला गेले असताना गिरगावातल्या एक ताई पिशवीतून सेगा मेगा ड्राइव्ह घेऊन आल्या. पहिलं, थोराड मॉडेल. जपानात हे यंत्र 1988 साली निघालं. 1995 साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगा भारतात आली तेव्हा किंमत 18,000 रुपये होती, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत ते असलंच तर परदेशातल्या कुणीतरी आणलेलं असे. ताईंचं दुबईच्या काकांनी आणलेलं.

"दिवा लागतो, पण खेळ सुरू झाला की मध्येच पहिल्यापासून चालू होतो. आता तर नुसताच काळा पडदा," ताई म्हणाल्या. आणखी काही सांगणार होत्या, पण भाच्याने तोवर एलिमिनेटर, म्हणजे यंत्राचा अडॅप्टर, प्लगला लावून मीटर धरलाही होता. वर 9 व्होल्ट डीसी छापलेलं, मीटरवर 13.4. "नऊचा तेरा देतोय, म्हणजे ठणठणीत," त्याने ठरवलं आणि यंत्र उघडलं. आत पत्र्याच्या हीटसिंकला लावलेले दोन 7805, म्हणजे येणाऱ्या व्होल्टेजचे नेमके 5 व्होल्ट करून देणारे रेग्युलेटर. तिथे 4.6 दिसले. दोन्ही कापून नवे घातले. पडदा काळाच. मग त्याने चिठ्ठीवर लिहिलं : 'बोर्ड डेड'.

बाकड्यावर एक जुन्या गेमचा व्यापारी बसलेला असे. तो लगेच म्हणाला, "ताई, कशाला घरी नेता? 300 देतो. डब्बा म्हणून तरी कामाला येईल." ताई पैसे घ्यायला हात पुढे करणार तेवढ्यात मामा आले. त्यांनी चिठ्ठी वाचली.

"बेंच सप्लायवर लावून पाहिलंस?"

"एलिमिनेटर चांगला आहे ना, मामा! मोजला मी. हवं तर दुसरा लावून दाखवतो." भाच्याने खणातून एक काळा ठोकळा काढला. जॅक तसाच. मामांनी मनगट धरलं. तो ठोकळा परदेशातून आलेल्या निन्टेंडो एनईएसचा होता. त्यातून 9 व्होल्ट एसी निघतात, कारण एनईएसच्या पोटात एसीचा डीसी करणारा स्वतःचा रेक्टिफायर असतो. सेगाला डीसी लागतो, आणि तोही आतल्या टोकाला मायनस, बाहेरून प्लस. बाजारातले बहुतेक एलिमिनेटर नेमके याच्या उलट. जॅक बसला म्हणजे सोयरीक जुळली असं समजून कितीतरी यंत्रं जळाली आहेत.

मामा ताईंकडे वळले. "बंद पडण्याआधी चित्रात काही दिसायचं का?"

"तेच सांगत होते मघाशी. काळसर पट्टे यायचे. हळूहळू वर सरकायचे. आणि घूंऽऽ असा आवाज."

"पट्टे एक की दोन?"

ताई क्षणभर आठवत राहिल्या. "दोन."

भाच्याला हा प्रश्न खुळचट वाटला. पण निम्मं निदान त्यात होतं. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि आपल्याकडचा टीव्हीही सेकंदाला 50 वेळा पडदा भरतो. एलिमिनेटरमधले चार डायोड आवर्तनाचे दोन्ही अर्ध वापरतात, म्हणून सप्लायमधली खळबळ सेकंदाला 100 वेळा येते. एका पडद्यात दोन. डायोड उडाला असता तर पट्टा एकच दिसला असता. म्हणजे डायोड शाबूत, आणि ती खळबळ शांत करणारा कपॅसिटर कामातून गेलेला.

मामांनी यंत्राला बेंच सप्लाय, म्हणजे दुकानातला खात्रीचा डीसी पुरवठा, जोडला, कॅसेट खोचली. खेळ सुरू. पाच मिनिटं चालू ठेवला, काहीच तक्रार नाही. व्यापाऱ्याने तेवढ्यात फोन काढून त्यात डोकं घातलं.

मग खणातून स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब निघाला. 12 व्होल्ट, 10 वॅट, दोन वायरी जोडलेल्या. तो एलिमिनेटरला लावला, म्हणजे सेगा ओढते साधारण तेवढाच भार त्याच्यावर आला. बल्ब छान पेटला. 13.4 चे 7.9 झाले.

"आठ म्हणजे नऊच्या जवळच," भाचा पुटपुटला.

"ती सरासरी. आता एसीच्या रेंजवर मोज."

3 व्होल्ट. शुद्ध डीसी म्हणवणाऱ्या वायरीवर 3 व्होल्ट एसी. (मामांचा मीटर चांगला होता. स्वस्तातले काही मीटर एसीवर ठेवले तरी डीसीच मोजून दाखवतात आणि गोंधळ उडवतात.) 7805 ला 5 व्होल्ट द्यायचे तर आत किमान 7 यावे लागतात. सरासरी आठ असली तरी हा पुरवठा सेकंदाला 100 वेळा सातच्या बराच खाली बुडत होता, आणि प्रत्येक बुडीला आतला प्रोसेसर भांबावत होता. बल्बला त्याचं काही नाही, तारेची ऊब तेवढ्यात ओसरत नाही. सेगावरच्या लाल दिव्यालाही नाही, त्याला जेमतेम 2 व्होल्ट पुरतात.

"पण आधी 13 कसे दाखवले?"

"भार नव्हता ना. परीक्षा नसते त्या दिवशी वर्गातली सगळी पोरं हुशारच असतात."

बंद ठोकळ्याच्या जोडावर हातोडीच्या दोन बेताच्या टिचक्या मारून मामांनी तो उघडला. कपॅसिटर बाहेरून नवा वाटावा असा, फुगलेला नाही, गळलेला नाही. लिहिलेलं 2200 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. मीटरवर भरले 180. ट्रान्सफॉर्मरच्या उबेत वर्षानुवर्षं राहून आतला द्रव सुकलेला. बिनभाराच्या 13-14 व्होल्टांना, त्यात आपल्याकडे रात्री चढणाऱ्या लाइनला, सोळाचा माल काठावरचाच पडतो. मामांनी 25 व्होल्टचा, 105 अंश सोसणारा घातला. बल्ब परत लावला : डीसी साडेनऊ, एसी पाऊण व्होल्ट.

बिलात कपॅसिटरचे 20 आणि मजुरीचे 200 लिहिले. भाच्याने घातलेले दोन रेग्युलेटर बिलात आले नाहीत. ते त्याच्या पगारातून कापले, कारण काढलेले दोन्ही चांगले होते.

दुसऱ्या दिवशी मामांनी फळीवरची 'डेड' चिठ्ठ्यांची यंत्रं खाली उतरवायला लावली. प्रत्येकाचा एलिमिनेटर बल्ब लावून मोजायचा, मग बोलायचं. तीन यंत्रं संध्याकाळपर्यंत सुरू झाली. एकाची मात्र नुसती चिठ्ठी उरली होती. लालबागच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं यंत्र, असंच मेगा ड्राइव्ह, महिन्यापूर्वी भाच्याच्याच सांगण्यावरून त्यांनी बाकड्यावरच्या व्यापाऱ्याला दिलेलं.

भाचा व्यापाऱ्याला गाठायला गेला. ते यंत्र आठवड्याच्या आतच विकलं गेलं होतं, चालू स्थितीत, 6,000 रुपयांना. त्यात काय बदललं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "एलिमिनेटर." म्हाताऱ्या गृहस्थांना त्याने 300 दिले होते.