खिंड कोणाची?

खिंड लढवणे हा वाक्प्रचार मराठीला एका माणसाच्या मरणातून मिळाला. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले आणि महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत त्यांनी वाट अडवून धरली. पुढे तो शब्द इतका झिजला की साहेब रजेवर असताना एखाद्या कारकुनाने चार फायली उरकल्या, तरी आपण म्हणतो, पठ्ठ्याने खिंड लढवली! असो. शब्द वापराने झिजायचेच. मात्र त्याच्या पोटातला विचार अजून शाबूत आहे. गड घेणाऱ्याचे यश डोळ्यांना दिसते, तोफा होतात, साखर वाटली जाते. वाट अडवणाऱ्याचे यश जे घडले नाही त्यावरून मोजावे लागते. शत्रू आला नाही, पूर गावात शिरला नाही, साथ पसरली नाही. न घडलेल्या गोष्टीचा पोवाडा कोण गाणार?

अमेरिकेत या कामाचा एक रीतसर पगारी हुद्दा आहे. तिथल्या विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली एक बचावाचा प्रशिक्षक असतो. हा फुटबॉल आपला पायांनी खेळायचा नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळतात, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, आणि समोरचे अकरा जण अंगावर येऊन अडवतात. त्या अकरांना अडवायला शिकवणे एवढेच या गृहस्थाचे काम. संघ जिंकला की छायाचित्र मुख्य प्रशिक्षकाचे आणि चेंडू फेकणाऱ्या पोराचे छापून येते.

बड फॉस्टर हा या जातीतला एक नमुनेदार माणूस. फ्रँक बीमर या प्रशिक्षकाबरोबर तो १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात आला आणि २०१९ चा हंगाम संपवूनच निवृत्त झाला. बत्तीस-तेहतीस वर्षे एकच गाव, एकच मैदान. १९९५ पासून बचावाची सूत्रे त्याच्याकडे होती. २००६ मध्ये देशातल्या उत्तम साहाय्यक प्रशिक्षकाला देतात तो ब्रॉइल्स पुरस्कार त्याला मिळाला. १९९९ च्या हंगामात संघ थेट राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला आणि तिथे फ्लोरिडा स्टेटकडून ४६–२९ असा हरला. २०१५ मध्ये बीमर निवृत्त झाला, नवा मुख्य प्रशिक्षक आला, तरी फॉस्टर आपल्या जागी राहिला. मुख्य प्रशिक्षक तो कधीच झाला नाही.

त्याच्या संघाचे चिन्ह म्हणजे पत्र्याचा एक जुना डबा. कोळशाच्या खाणीत उतरणारा मजूर भाकरी नेतो तसला. ज्या खेळाडूने मेहनत करून मान मिळवला, त्याने तो डबा सामन्याला न्यायचा. परासिया-जुन्नारदेवकडच्या खाणींत ज्यांचे वडील-काके पाळीवर गेले, त्या आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हा डबा समजावून सांगायला नको. चषक नाही, ढाल नाही, डबा! मला त्या माणसाची ही निवड फार आवडते. आपल्या कामाची जात त्याने बरोबर ओळखली होती.

आता प्रश्नाकडे येतो. हा प्रशिक्षक पोरांना नेमके शिकवतो काय? चेंडूवाल्या संघाचे पाच धिप्पाड गडी रांगेत बसतात. त्यांच्यामधल्या आणि बाजूंच्या मोकळ्या जागांना अ, ब, क अशी अक्षरे दिलेली असतात. त्या जागा म्हणजे खिंडीच. बचाव करणाऱ्या प्रत्येकाला आपली खिंड नेमून दिलेली असते. नियम असा, की चेंडू कुठेही जावो, तू आपली खिंड सोडायची नाही. शेजारच्या खिंडीत काही गडबड दिसली म्हणून तू तिकडे धावलास, तर तुझी मोकळी पडते आणि पळणारा नेमका तिथून निसटतो. तेव्हा शेजारी त्याचे काम करील यावर विश्वास ठेव आणि तू तुझे कर. वरवर पाहता हा किती शहाणपणाचा नियम! शाळा, कचेऱ्या, रुग्णालये, सारे जग याच नियमावर चालते. आपल्या बोलीत तो तीन शब्दांत सांगतात : तू तुयं पाह्य.

एका बचाव-प्रशिक्षकाच्या आयुष्याभोवती याच नियमाची कसोटी लागली, आणि ती मैदानावर लागली नाही.

जेरी सँडस्की पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठात १९७७ ते १९९९ बचावाचा प्रमुख होता. मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो म्हणजे त्या भागातले दैवत. या जोडीने १९८२ आणि १९८६ च्या हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. २ जानेवारी १९८७ च्या अंतिम सामन्यात मायामीचा बलाढ्य संघ १४–१० असा हरला, तो सँडस्कीच्या बचावामुळे. मायामीच्या फेकणाऱ्याचे पाच चेंडू पेन स्टेटच्या पोरांनी मधल्यामध्ये झेलले होते. याच माणसाने १९७७ मध्ये गरीब, बापाविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक संस्था काढली होती. लोक त्याला साधुपुरुष मानत.

जून २०१२ मध्ये न्यायालयात सिद्ध झाले, की त्याने पंधरा वर्षांच्या काळात दहा मुलांवर लैंगिक अत्याचार केले. पंचेचाळीस आरोपांत तो दोषी ठरला. शिक्षा झाली तीस ते साठ वर्षांची. दोष त्याने कधीच मान्य केला नाही. मुले बहुतेक त्या संस्थेतून त्याच्या हाती आलेली, मोठ्या सामन्यांची तिकिटे आणि खेळाडूंच्या गाठीभेटी यांनी भारावलेली.

दुष्ट माणूस दुष्टपणे वागला, यात विचार करण्याजोगे फारसे नाही. विचार करायचा तो भोवतालच्या भल्या माणसांचा. १९९८ मध्ये एका आईने तक्रार केली होती. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, सरकारी वकिलाने खटला भरला नाही. १९९९ मध्ये सँडस्की निवृत्त झाला, पण मैदान आणि कपडे बदलायच्या खोल्या त्याला मोकळ्याच राहिल्या. २००१ मध्ये मायक मॅक्वेरी या तरुण साहाय्यकाने त्याला रात्री न्हाणीघरात एका मुलाबरोबर पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याने ते पॅटर्नोला सांगितले. पॅटर्नोने क्रीडाविभागाच्या प्रमुखाला सांगितले. तिथून गोष्ट एका उपाध्यक्षापर्यंत आणि विद्यापीठाच्या अध्यक्षापर्यंत गेली. आणि तिथे ती थांबली. बाहेरच्या पोलिसांकडे कोणी गेले नाही. त्या मुलाचे नाव काय, घर कुठले, हेही कोणी विचारले नाही.

वाचकहो, ही साखळी पुन्हा एकदा पाहा. प्रत्येकाने आपल्या वरच्याला कळवले, म्हणजे नेमून दिलेली खिंड राखली. २०११ मध्ये प्रकरण फुटल्यावर पॅटर्नोच्या बाजूने हेच सांगितले गेले, की त्याने नियमाप्रमाणे वरिष्ठांच्या कानावर घातले होते, आणखी काय करायचे? नोव्हेंबर २०११ मध्ये त्याला काढून टाकले आणि दोन महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये तो वारला. त्या तिघा अधिकाऱ्यांना २०१७ मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल शिक्षा झाल्या, त्या अगदी किरकोळ. मॅक्वेरीची नोकरी गेली आणि विद्यापीठाविरुद्धचा त्याचा दावा २०१६ मध्ये त्याच्या बाजूने लागला. या सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. जो बोलला तो आणि ज्यांनी दाबले ते सारखे नाहीत. तरीपण बोलणाऱ्यासमोरही प्रश्न उरतोच. वरच्याला सांगितले म्हणजे माझे काम संपले, हे कोणी ठरवले?

गंमत अशी, की खेळाने दिलेली शिकवण एवढीच नव्हती. बचाव-प्रशिक्षक पोरांना दुसराही नियम तितक्याच कडकपणे शिकवतो. पळणारा कुठल्या खिंडीतून सुटला हे कळले, की मग आपली खिंड, त्याची खिंड विसरायची आणि अकराही जणांनी चेंडूच्या मागे धावायचे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असशील तरी धाव. 'माझ्या बाजूने गेला नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. सामन्यानंतर चित्रफीत लावतात आणि कोण धावला नाही हे सर्वांदेखत दाखवतात.

आपल्या कबड्डीत हे जास्त स्वच्छ दिसते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला नेऊन दाखवला तो हा खेळ. चढाई करणारा एक, अडवणारे सात. कोपऱ्यातल्याने पाय धरला की मधल्यांनी क्षणाचाही विचार न करता झेपावायचे. एकट्याची पकड सुटते, साखळीची सुटत नाही. आणि हात धरून उभे राहण्याचा अर्थच असा, की शेजारच्याला हिसका बसला तो मला जाणवलाच पाहिजे. पेन स्टेटच्या साखळीत हात होते, हिसका मात्र कोणाला जाणवला नाही. त्यांनी पहिला नियम पाळला आणि दुसरा मैदानावरच ठेवून घरी गेले.

इथे कोणी म्हणेल, प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीत धावायचे ठरवले तर जग चालायचे नाही. बरोबर आहे. शिक्षकाने पोलीस व्हायचे नाही, कंपाउंडरने सर्जन व्हायचे नाही. गावात नुसत्या संशयावरून धावणाऱ्यांची झुंड काय करते, हेही आपण पाहिले आहे. म्हणूनच दोन नियमांचा क्रम महत्त्वाचा. आधी आपली खिंड. पण वाट फुटल्याचे दिसल्यावरही जो आपल्याच जागी उभा राहून 'मी हललो नाही' असे अभिमानाने सांगतो, त्याला निष्ठावान म्हणायचे की आणखी काही? फॉस्टर आणि सँडस्की, दोघेही आयुष्यभर दुय्यम जागी राहिले आणि दोघांच्याही निष्ठेचे कौतुक झाले. निष्ठा हा गुण असला, तरी तो कोणाच्या कामी येतो हे त्याच्या नावावरून कळत नाही. संघाशी निष्ठा म्हणजे संघाच्या नावाशी, की संघाच्या भरवशावर आलेल्या पोराशी?

अमेरिकेची उणीदुणी काढायला लेखणी जरा जास्तच मोकळी सुटते, म्हणून घराकडे येतो. आमचे लोधीखेडे सौंसर तहसिलीत. २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, ती या भागात कोणाला सांगायला नको. मधोमध पळसाचे झाड रोवलेले, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. गोटमार आणि पेन स्टेटचा गुन्हा मी एका तराजूत घालत नाही. एक उघड्यावर चालणारी परंपरा, दुसरे अंधारातले पाप. मला फक्त खिंडींची वाटणी दाखवायची आहे. त्या दिवशी कलेक्टर मनाईहुकूम काढतात. पोलीस बंदोबस्त ठेवतात. डॉक्टर तंबू टाकून बसतात आणि टाके घालतात. रुग्णवाहिका रांगेने उभ्या असतात. दारूबंदी होते. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयोग होऊन गेला. प्रत्येक खाते आपापली खिंड चोख राखते, आणि संध्याकाळपर्यंत शेकडो डोकी फुटतात. कित्येक वर्षांत माणसे गेली आहेत. कोणाला विचारले तर तो आपले काम दाखवतो, आणि ते खरेच असते! डॉक्टरचा टाका खोटा नाही, शिपायाची काठी खोटी नाही. दगडाचे खाते मात्र कोणाकडेच नाही.

कायद्याने या बाबतीत काही शहाणपण दाखवले आहे, ते नोंदवायला हवे. सँडस्की दोषी ठरला त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, आपल्याकडे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, लागू झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने, तो कोणीही असो, पोलिसांना कळवलेच पाहिजे. मुख्याध्यापकाला किंवा संस्थाचालकाला सांगितले म्हणजे भागले, अशी सवलत त्यात नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. पेन्सिल्व्हेनियानेही २०१४ मध्ये आपला कायदा बदलला. पूर्वी कर्मचाऱ्याने वरिष्ठाला सांगायचे आणि वरिष्ठाने पुढे कळवायचे अशी रीत होती, आता ज्याने पाहिले त्यानेच थेट कळवायचे. म्हणजे खेळातला दुसरा नियम त्यांनी कायद्याच्या पुस्तकात लिहून घेतला. त्यासाठी दहा मुलांची आयुष्ये खर्ची पडली.

पण कायदा वाचणाराला लागू होतो तितका घाबरलेल्याला होत नाही. पेन स्टेटच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली, तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले. मॅक्वेरीच्या आधी, २००० साली, न्हाणीघर साफ करणाऱ्या एका झाडूवाल्यानेही सँडस्कीला पाहिले होते. तो हादरून गेला आणि त्याने आपल्या सोबत्यांना सांगितले. सोबत्यांनी विचार केला आणि ते गप्प बसले. आपण बोललो तर नोकरी जाईल, फुटबॉलच्या माणसाविरुद्ध विद्यापीठ आपले ऐकणार नाही, अशी त्यांची खात्री होती. ती खात्री चुकीची होती असे छातीठोकपणे म्हणवत नाही. त्या साऱ्या थोर प्रशिक्षकांपैकी कोणी त्या झाडूवाल्याला कधी एकदा तरी सांगितले होते का, की तूही आमच्या बचावातला आहेस, तुला काही दिसले तर ओरड?

आपल्या मुली-मुलांना आपण सकाळी शाळेत, दुपारी शिकवणीला, संध्याकाळी मैदानावर सोडतो. तिथे घंटा वाजवणारा, खोल्या झाडणारा, पाण्याची टाकी भरणारा एक जण असतो. सर्वांत आधी येतो आणि सर्वांत शेवटी जातो, म्हणून तो जितके पाहतो तितके कोणीच पाहत नाही. पालकसभेला त्याला कोणी बोलावत नाही. उद्या तो मुख्याध्यापकाच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, साहेब, एक सांगाचं होतं, तर त्याला आत घेऊन खुर्ची देणारी शाळा आपल्या तहसिलीत कोणती?