ही चारच शुभवर्तमाने का?



गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या शीवच्या एका तरुणाने विचारले, "फादर, आणखीही शुभवर्तमाने होती म्हणे. मग बिशपांनी सोयीची चार ठेवून बाकीची टाकली का?"

इ.स. 200 च्या सुमाराची गोष्ट. अंत्युखियाचे बिशप सेरापियन यांना एका गावच्या भाविकांनी 'पेत्राचे शुभवर्तमान' वाचण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती न वाचताच दिली. पुढे स्वतः वाचले, तेव्हा बराचसा मजकूर ठीक, पण काही भर प्रेषितांच्या शिकवणीत न बसणारी आढळली. बिशपांनी परवानगी मागे घेतली. पेत्राला आम्ही मानतो, पण त्याच्या नावावर खपवलेले लिखाण स्वीकारत नाही, असे त्यांनी कळवले.

अशी पारख शेकडो वर्षे चालली. लिखाणात प्रेषितांची साक्ष आहे का? प्रेषितांकडून मिळालेल्या श्रद्धेशी ते जुळते का? ठिकठिकाणच्या ख्रिस्तसभा उपासनेत ते वाचतात का? संत अथनासियस यांनी 367 साली नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी दिली. 1546 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने संपूर्ण बायबलची यादी कायम केली.

केवळ लोकप्रियता पुरेशी नव्हती. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापले गेले. भाविकांनी ते देवळात भक्तीने ऐकले. तरी त्याला कोणी पवित्र शास्त्र म्हटले नाही. ते साक्षीवरचे सुंदर निरूपण आहे, मूळ साक्ष नव्हे.

आता सोयीचा प्रश्न. सोयच पाहायची असती, तर पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले हा प्रसंग आधी गाळला असता. तो चारही शुभवर्तमानांत आहे. ख्रिस्तसभेने शास्त्र निर्माण केले नाही. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने ते ओळखले आणि स्वतःला लाज आणणाऱ्या पानांसकट त्यापुढे मान तुकवली.

सोयीची निवड करतो ते आपणच. "शत्रूवर प्रीती करा" हे वाचन आले की मन दुसरीकडे जाते. भावाशी अबोला धरून आपण बायबलला फुले वाहतो. सांगा, आपल्या घरच्या बायबलमधून आपण कोणते पान गाळले आहे? या आठवड्यात तेच पान उघडून वाचूया.

तुमचा,
फादर