स्नेह आणि पाषाण

शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील उभा मारुती चौकातून जाताना, कोणी भाविक मारुतीच्या शेंदरी अंगावर तेलाची धार धरून उभा दिसला, की जे चिकटते ते नेमके कशामुळे चिकटते, हा प्रश्न माझ्या मनात पुनःपुन्हा उद्भवतो. तेल मुरलेल्या पाषाणावर पाणी ठरत नाही, मण्यांसारखे ओघळून जाते. रंकाळा तलावाच्या काठचा कोरा काळा दगड मात्र तेच पाणी अंगभर पसरून घेतो. आपल्या भाषेने तेलाला आणि जिव्हाळ्याला स्नेह हे एकच नाव दिले असल्यामुळे हा विचार दगडापुरता राहत नाही. आसक्तीचे मूळ विषयात आहे की मनात, या पुरातन वादापर्यंत तो सहज जाऊन पोहोचतो.

या वादावर उजेड पाडणारा एक दाखला आपल्याच समुद्राच्या तळाखाली आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली ‘सागर सम्राट’ने केलेल्या वेधनात जे खनिज तेल लागले, ते एखाद्या भूमिगत तळ्यात साठलेले नसून चुनखडीच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेले आहे. अशा खडकात तेलाच्या आधी खारे पाणी नांदत होते. मूळची वहिवाट त्याची. पुढे खालच्या थरांतून तेल झिरपत वर आले, तेव्हा त्याच्या व खडकाच्या दरम्यान पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा उरला होता. तो जेथे टिकतो तेथे तेल पाहुण्यासारखे राहते, आणि जेथे फाटतो तेथे तेलातील आम्लधर्मी रेणू खडकाच्या पृष्ठभागावर चिवट कब्जा बसवतात.

परंतु हा व्यवहार तेल आणि खडक या दोघांतच झाला असे मानले, तर दस्तऐवजावरील तिसरी सही नजरेआड होते. ती सही पाण्यात विरघळलेल्या क्षारांची. वालुकाश्मातील चिकणमातीचे कण ऋण भाराचे आणि तेलातील आम्लरेणूही ऋण भाराचे, तेव्हा त्यांनी वस्तुतः एकमेकांना दूर लोटावे. पण दुहेरी धन भाराचा कॅल्शियम मध्ये उभा राहून एक हात इकडे व एक हात तिकडे देतो, आणि ज्यांचे वैर असावे त्यांची गाठ पडते. चुनखडीचा पृष्ठभाग बहुधा धन भाराचा असल्याने तेथे हे रेणू सरळच धरले जातात; मात्र उष्ण खडकात समुद्रजलातील सल्फेट त्या पृष्ठभागावर जाऊन बसले, की तेथील धन भार उतरतो, कॅल्शियमला जवळ येण्यास वाव मिळतो, आणि आम्लरेणू खडकाला सोडून त्याच्यासंगे निघून जातो, अशी संशोधकांची मीमांसा आहे. एके ठिकाणी जो बांधतो, तोच दुसऱ्या ठिकाणी सोडवतो.

खडकातून तेल सोडवण्याचे हे काम केवळ बळाने साधत नाही. दाब वाढवून पाणी आत लोटले, तर ते भेगांच्या सुलभ वाटेने पुढे धावते आणि बारीक छिद्रांतले तेल जागच्या जागी राहते. जगातील बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल असे खडकातच उरते. कठोर निग्रहाने वासना हुसकावू पाहणाऱ्या साधकाची अवस्था याहून निराळी नसते. त्याचे व्रत मनाच्या मोकळ्या वाटांतून वाहून जाते, आणि खोलवरचे स्निग्ध थर अस्पर्श राहतात.

कोल्हापूरच्या मुलुखात ज्याची परंपरा दीर्घकाळ नांदत आली, त्या जैन दर्शनाने या चिकटण्याचा फार सूक्ष्म विचार केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात पुद्गलांच्या, म्हणजे जडद्रव्याच्या कणांच्या, परस्परबंधाचे कारण स्निग्धता व रूक्षता हे सांगितले आहे. आणि जीवाला कर्म जडते ते क्रोध, मान, माया, लोभ या कषायांच्या योगाने, असे प्रतिपादन आहे. जीव आणि कर्म यांच्यामधला तो तिसरा साक्षीदार म्हणजे हे कषाय. म्हणून विषयाला दोष देणे किंवा मनाला झोडपणे, या दोहोंपेक्षा ज्या पाण्यात आपले मन रात्रंदिवस भिजत आहे त्या पाण्यात काय विरघळले आहे, हे पाहणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. आपल्या संतांनी संगतीला एवढे माहात्म्य दिले, त्याचे मर्म हेच असावे.

चौकातली ती तेलाची धारही स्नेहच आहे. घरी ती हिशेबाने वापरली जाते, तिचा थेंब सांडला तर जीव हळहळतो. येथे तोच हात ती निःशंकपणे रिती करतो आणि मोकळा होऊन घरी परततो.