शून्य बेरजेचं विश्व

शेतीची वीज आली की शिंदखेड्यापासून यावल-रावेरपर्यंत पंप सुरू होतात. शंभर मीटर खोलीवरून हजार लिटर पाणी वर आणायला, काहीच वाया जात नाही असं धरलं तरी, पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पृथ्वीनं ते पाणी धरून ठेवलेलं असतं आणि त्या पकडीतून सोडवायची किंमत आपण मोजतो. म्हणून जमिनीची पातळी शून्य मानली, तर तळाच्या पाण्याची ऊर्जा शून्याच्याही खाली, म्हणजे ऋण धरावी लागते.

हाच हिशेब साऱ्या विश्वाला लावला तर? वस्तुमान ही साठलेली ऊर्जाच आहे, हे आइन्स्टाइननं १९०५ मध्ये दाखवलं. तारे, ग्रह, आपण सगळे या हिशेबात जमेच्या बाजूला. पण या सगळ्यांना एकमेकांकडे ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण, ती नावे पडते. या दोन्ही बाजू तंतोतंत फिटत असतील आणि विश्वाची एकूण ऊर्जा शून्य असेल, असा विचार एडवर्ड ट्रायॉन यांनी १९७३ मध्ये मांडला. त्याआधी, १९६०च्या दशकात, फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनीही नव्या द्रव्याच्या निर्मितीचा हिशेब ऋण ऊर्जेच्या क्षेत्रानं जुळवला होता. ट्रायॉन यांची कल्पना अजून सिद्ध झालेली नाही. साऱ्या विश्वाच्या ऊर्जेची बेरीज नेमकी करायची कशी, हाच मोठा अवघड प्रश्न आहे. तरीही ती कल्पना विचार करायला लावते.

शून्य आणि ऋण यांच्याशी खान्देशाची ओळख जुनी आहे. ज्यांचा वारसा याच खान्देशात जपला गेला, ते भास्कराचार्य ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात एक त्रिकोण देतात. बाजू दहा आणि सतरा, पाया नऊ. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला की पायाचा एक भाग येतो पंधरा आणि दुसरा ऋण सहा. उत्तर चुकलं म्हणून आचार्य ते टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशा, असं ते सांगतात. लंब पायाच्या बाहेर पडतो, एवढंच. पंधरातून सहा वजा केले की पाया बरोबर नऊ भरतो.

ऊर्जेचंही तसंच आहे. गुरुत्वाची ही ऋण बाजू नसती, तर वायूचे ढग गोळा झाले नसते, सूर्य पेटला नसता, पृथ्वीवर पाणी टिकलं नसतं. तारे आणि ग्रह उभे आहेत, ते या पकडीनंच.

आपल्या घरच्या हिशेबातही असंच होतं. कापूस विकून, सोसायटीचं कर्ज फेडून हाती काही उरलं नाही, की माणूस म्हणतो, वर्ष फुकट गेलं. पण त्याच वर्षात घर जेवलं, मुलं शिकली, शेजाऱ्याची अडचण निभावली. शिल्लक शून्य आली म्हणून यातलं काहीही खोटं ठरत नाही.

आणि देणं लागणं ही लाजेची गोष्ट नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. १२०७च्या सुमाराचा तिथला शिलालेख सांगतो, की बाजारात विकणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडूनही थोडा थोडा वाटा मठाला मिळायचा. एवढं मोठं गणित गावच्या बाजारानं जपलं. आपलं आयुष्यही असंच अनेकांच्या लहान लहान वाट्यांवर चाललेलं असतं. त्या देण्यानंच आपण एकमेकांना धरून आहोत. आज कामाला लागताना ते आठवू या आणि आपलाही वाटा कुणासाठी तरी काढून ठेवू या.