दिवा बाजूस घ्या
सोलापूरच्या मागावर चुकलेला धागा चादरीत उमटतो; पाथरवटाचा चुकलेला घाव तर दगडात कायमचाच राहतो. संगणकावर मूर्ती घडविताना मात्र कळ दाबताच चूक पुसली जाते. २००२ साली सर्वांस खुली झालेली ‘ब्लेंडर’ ही आज्ञावली हाताशी धरून आम्ही उतारवयात एक चेहरा घडविला आणि समोरून प्रकाश पाडून त्याचे चित्र तयार केले. ते पाहून आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, दिवा बाजूस घ्या.” तसे करताच गालांचा सपाटपणा व कपाळावरील खाचखळगे उघडे पडले. अध्यापकाचा अभिमान क्षणभर दुखावला खरा. परंतु आपणच मांडलेला प्रकाश आपले दोष झाकीत होता, हे नाकारावे कसे? चूक पुसणे सोपे झाले, ती दिसणे नव्हे. दगड जी शिस्त लावी, ती आता परक्या डोळ्यांनी लावावयाची आहे. त्यांस आपण होऊन पाचारण करणे, हाच शिकणाऱ्याचा पहिला धर्म होय.